जिभेवरची नीळ

आमचे हे रोज सकाळी चहाच्या आधी नीळ चाखायचे. खोटं वाटेल, पण अगदी खरं. जमिनीत पुरलेल्या, कापड रंगवायच्या रांजणाचं झाकण काढायचं, बोट बुडवायचं, जिभेला लावायचं आणि थुंकायचं. मग चवीवरून हुकूम सुटायचा, "चुना टाक मूठभर," नाहीतर, "कोंडा घाल, उपाशी आहे तो." मी उपाशी आहे का, हे या माणसानं जन्मात विचारलं नाही. रांजणाची मात्र बाळंतिणीसारखी बडदास्त!

ती चव फक्त ह्यांनाच कळायची. बाईमाणसानं रांजणाला तोंड लावायचं नाही, हा सासऱ्यांपासूनचा कायदा. लेकाला शिकवायला गेले, तर त्यानं वाकडं तोंड करून तीनदा चूळ भरली. झालं शिक्षण.

पूर्वी ओळीनं रांजण होते. मग पुडीतली नीळ आली, कारखान्यात बनलेली. आठवड्याचं काम दुपारपर्यंत उरकायला लागलं. गिऱ्हाइकं तिकडे पळाली आणि आमचे रांजण एकेक करून बुजले. उरला एकच, तो मास्तरांसाठी. मास्तर म्हणजे कोपऱ्यावरचे म्हातारे शिंपी. "पुडीचा रंग मला हातात घेताक्षणी कळतो," असं म्हणून ते कापड आमच्याकडेच आणायचे. त्यांच्या त्या एका गठ्ठ्यावर ह्यांचा जीव. मास्तर आहेत तोवर रांजण आहे, आणि रांजण आहे तोवर मी रंगारी आहे, असं हे म्हणायचे.

घर चालायचं ते लेकाच्या पुडीवर. त्यानं अंगणात ड्रम मांडला होता. एके दिवशी तो तापानं फणफणला आणि पडल्या पडल्या म्हणाला, "बाबा, बादलीत रंग दाट कालवून ठेवलाय, जरा बघता का?" हे बिचारे बघायला गेले. फडकं बाजूला केलं, बोट बुडवलं आणि... सवय हो, दुसरं काय! मी "अहो, अहो" करत धावेपर्यंत बोट तोंडात. त्यात कातडं जाळणारा कॉस्टिक सोडा होता. जिभेची साल निघाली.

डॉक्टर म्हणाले, "ही काय चाखायची वस्तू आहे?" काय सांगणार त्यांना, कपाळ! जखम भरली, चव काही परतली नाही. ना गोड कळे, ना तिखट. जेवणात मीठ जास्त पडलं तरी निमूट गिळायचे. आयुष्यभर ह्यांची बोलणी खाल्लेली मी, पण ते गप्प जेवणं मला बघवेना.

रांजणापाशी जाणं सुटलं नाही. बोट लावायचे, थुंकायचे आणि नुसते उभे राहायचे. शेवटी मला म्हणाले, "अगं, तू बघ बरं जरा."

मी चाखलं. कडू, खारट, घाण. "कळत नाही हो मला! कधी चाखू दिलंत?" मी भडकले. ह्यांनी मान खाली घातली आणि मलाच रडू फुटलं. लेकानं कसलीशी कागदाची पट्टी बुडवून पाहिली. "ठीक आहे, बाबा," म्हणाला. पट्टी म्हणाली ठीक, रांजणानं काही तिचं ऐकलं नाही.

मास्तरांचं कापड बुडवलं. रांजणातून कापड हिरवं निघतं आणि वाऱ्यावर बघता बघता निळं होतं. त्या दिवशी निघालं ते राखाडी. हे दोन्ही हातांनी धरून उभे. "होईल," म्हणाले. ऊन डोक्यावर आलं तरी तेच, "थांब जरा, होईल." कापड वाळायला आलं. शेवटी मीच ते हातातून काढून घेतलं, खळखळून धुतलं आणि लेकाच्या ड्रममध्ये घातलं. ह्यांनी अडवलं नाही. अडवलं असतं तर बरं वाटलं असतं.

दुसऱ्या दिवशी मास्तर आले. मी उंबऱ्यात उभी. मनात एकच धावा चाललेला. ओळखा हो. ओरडा आमच्यावर, कापड तोंडावर फेका, पण ओळखा. मास्तरांनी चष्मा पुसला, कापड उजेडात धरलं, चिमटीत चोळलं, नाकाला लावलं.

"वा! ह्याला म्हणतात नीळ. वहिनी, पुडीला येईल का ही झाक?" मग लेकाच्या पाठीवर थाप मारून म्हणाले, "शीक रे बाबा, बाप आहे तोवर शिकून घे."

लेक माझ्याकडे बघायला लागला, मी ह्यांच्याकडे. हे हसले. गठ्ठा नीट बांधून दिला, मास्तरांना रस्त्यापर्यंत सोडायला गेले, "सावकाश जा" म्हणाले.

परत येऊन लेकाला म्हणाले, "रांजण उपसून टाक. माती भर."

आवाजात राग नव्हता, काहीच नव्हतं. "अहो, असं काय करता? मास्तर पुन्हा येतील ना," मी म्हटलं.

"येऊ देत," हे म्हणाले. "त्यांनाही कळत नाही."