पुढच्या साली इचारू

मी एक जुनी पितळी घंटा आहे आणि मित्रांनो, मी चिडलेली आहे. घंटेने गोडच बोलावं अशी तुमची अपेक्षा असेल, तर ती आधी मनातून काढून टाका.

पुण्यात मला ओतलं. वेल्ह्याच्या डोंगरातल्या एका वाडीने मला आणलं आणि देवराईतल्या देवळात देवापुढे टांगलं. तेव्हा इथे भर चैत्रातही गारवा असे. माझ्या अंगावर शेवाळ चढायचं आणि पोरं ते नखांनी खरवडायची. पाहुणे म्हणायचे, काय आवाज आहे हो घंटेचा! मी फुलून जायचे.

या वाडीची एक रीत आहे. काही ठरेना झालं की देवाला कौल लावायचा. गुरव सोनबा देवाच्या दगडावर दोन्ही बाजूंना ओल्या पाकळ्या चिकटवतात. उजवी आधी पडली तर होय, डावी पडली तर नाही. पूर्वी पाकळी पडायला अर्धी सकाळ जायची, इतका दगड थंड आणि ओलसर असे.

मग ऊन वाढत गेलं. दर उन्हाळ्यात वणव्यांनी देवराई कडेकडेने खाल्ली. पावसाचं तंत्र बिघडलं. महिनाभर रिपरिपणारं पाणी एका दुपारी कोसळू लागलं आणि वाडीच्या वरच्या उताराला भेग पडली. त्या भेगेच्या बरोबर खाली सखूबाईंचं घर. त्या दोन म्हशींसोबत एकट्याच राहायच्या.

सरपंच रत्ना सभेत म्हणाली, "खालच्या माळावर घरं हलवू. भेग वाढतीया." सगळ्यांनी माना डोलावल्या. तेवढ्यात मागून कुणीतरी म्हणालं, "देवाला इचारल्याबिगर घरं कशी हलवायची?"

कौल लावला. दगड तापून निघाला होता. दोन्ही पाकळ्या सुकल्या आणि एकदमच गळून पडल्या.

"देव बोलत न्हाई," सोनबा म्हणाले. "पुढच्या साली इचारू."

पुढच्या साली तेच, त्याच्या पुढच्या साली तेच. अरे, तो तापलेला दगड हेच उत्तर होतं! पण घरं हलवायची कटकट कुणालाच नको होती, म्हणून देवाचं मौन सगळ्यांच्या पथ्यावर पडत होतं. मी नुसती लटकत होते आणि माझा संताप संताप होत होता. सखूबाई तर हसायच्या. "रत्ने, तू लई घाई करतीस. देव काय मला गाडतोय व्हय?"

गेल्या पावसाळ्यात एका दुपारी उतारावरून लाल पाणी आलं, मागोमाग दगड. वाडीतला गेनू तेव्हा देवळातच आडोशाला उभा होता. त्याने मोबाईल काढला आणि चित्रण करत राहिला. माझा दोर त्याच्या खांद्याला घासत होता. एक हिसका दिला असता तरी सखूबाई बाहेर धावल्या असत्या. त्याने दिला नाही. डोंगर सुटला आणि सखूबाई म्हशींसकट गेल्या.

चिखल उपसून झाला. उताराखाली अजून काही घरं उरली होती. आणि तुम्हाला खोटं वाटेल, सोनबा पुन्हा ओल्या पाकळ्या घेऊन आले! रत्नाने त्यांचा हात धरला.

"सोनबाकाका, देवाला पुढं करू नका. न्हाई म्हणायचं आसंल तर तुमच्या तोंडानं म्हणा."

कुणाच्याच तोंडातून 'नाही' निघेना. त्याच दिवशी भांडीकुंडी, कोंबड्या, अंथरुणं सगळं खालच्या माळावरच्या शाळेत हललं. इतकं सोपं होतं ते.

मित्रांनो, शहरांतल्या मोठ्या सभांतही पाकळ्याच लावतात. तिथे त्यांना समिती म्हणतात, अहवाल म्हणतात, पुढची बैठक म्हणतात. तुमच्या घरातल्या मोठ्यांना गाठा आणि विचारा, नक्की कधी? उत्तर मिळेपर्यंत दारातून हलू नका.

मला घासा, पुसा, जपा असं मी सांगणार नाही. मी पितळ आहे, मी टिकेन. उतारांखाली माणसं राहतात. त्यांना आज हलवा.