क्वारी रोडचा फुगवटा

कॉरिनने भिंतीवरच्या नकाशावर बोट टेकवलं आणि शाळेच्या प्रस्तावित नव्या हद्दीची लाल रेघ धरून ते हळूहळू खाली आणलं. ओढ्यापर्यंत रेघ सरळ होती. मग एकाएकी ती डावीकडे फुगली, क्वारी रोडवरची वीस-बावीस घरं पोटात घेऊन पुन्हा सरळ झाली. एवढ्या घरांनी मेपल हिल शाळेच्या जागा भरल्या होत्या, आणि कॉरिनची लिंडन कोर्ट ही गल्ली बाहेर पडली होती. येत्या वर्षी तिच्या मुलीला, टेसला, हायवेपलीकडच्या शाळेत जावं लागणार होतं. त्या शाळेबद्दल गल्लीत कुणी चांगलं बोलत नसे.

“क्वारी रोडवर कुणाची लेक राहते, ठाऊक आहे ना?” शेजारीण ग्वेन कानाशी पुटपुटली. “वेंडेल क्रॅबची. नात पण आहे. आणि हद्द आखणाऱ्या समितीत कोण बसलंय? वेंडेल क्रॅब!”

सभेसाठी शाळेच्या जेवणघरात लोक जमू लागले होते. वेंडेल एकटाच खुर्च्या मांडत होता. शाळेची बस एकतीस वर्षं चालवून तो निवृत्त झाला होता. कॉरिन सरळ त्याच्यापुढे जाऊन उभी राहिली.

“मिस्टर क्रॅब, हा फुगवटा कुणाच्या सांगण्यावरून काढला?”

“माझ्या,” तो म्हणाला.

इतकं सरळ उत्तर तिला अपेक्षित नव्हतं. वेंडेलने हातातली खुर्ची खाली ठेवली आणि तिला खिडकीपाशी नेलं.

“क्वारी रोडची पोरं मेपल हिलला चालत येतात. हद्द सरळ केली, तर त्यांना हायवेपलीकडच्या शाळेत जावं लागेल, आणि तिची बस त्या अरुंद रस्त्यात वळत नाही. हायवेच्या पलीकडच्या कडेला थांबते. चार पदर ओलांडायचे, तेही सकाळच्या धुक्यात.” तो म्हणाला. “पूर्वी एकदा हद्द सरळच होती, फुगवट्याशिवाय. एक मुलगी माझ्या बसकडे धावत येत होती. मी दार उघडून बसलो होतो.”

कॉरिनने मागे वळून नकाशावरच्या फुगवट्याकडे पाहिलं.

“तिची आई आज इथे आलीय, म्हणून माईकवर हे सांगणार नाही मी. आणि माझी लेक म्हणाल, तर ती मार्चमध्येच घर विकून ओहायोला राहायला गेली, नातीला घेऊन.”

सभा सुरू झाली. प्रत्येकाला दोन मिनिटं होती. कॉरिनचं नाव पुकारलं तेव्हा ग्वेनने तिला कोपराने ढोसलं. कॉरिन माईकपाशी गेली. तिसऱ्या रांगेत करडा स्वेटर घातलेली एक बाई मांडीवर पर्स घट्ट धरून बसली होती. कॉरिनने तिच्यावरची नजर काढून घेतली.

“मला एकच विचारायचंय,” ती म्हणाली. “क्वारी रोडवर समितीतल्या कुणाच्या नातेवाइकांचं घर आहे का?”

जेवणघरात कुजबुज पसरली. वेंडेल जागेवरून उठला.

“माझ्या मुलीचं होतं,” तो म्हणाला.

‘होतं’ हा शब्द कुणी ऐकलाच नाही. मागून कुणीतरी ओरडलं, “वाटलंच होतं!” टाळ्या पडल्या. वेंडेलने कॉरिनकडे पाहिलं, थोडा वेळ वाट पाहिली आणि खाली बसला.

“बरी जिरवलीस गं त्याची!” ती परतल्यावर ग्वेन म्हणाली.

“मी फक्त विचारलं,” कॉरिन म्हणाली.

तीन आठवड्यांनी नवा नकाशा आला. रेघ सरळ झाली होती आणि लिंडन कोर्ट आत होतं. वेंडेलने समिती सोडली होती.

ऑगस्टमध्ये शाळेच्या पहिल्या दिवशी कॉरिन टेसला सोडायला हायवेने निघाली. क्वारी रोडच्या तोंडाशी पुढच्या गाड्या थांबल्या, म्हणून तिनेही ब्रेक दाबला. नारिंगी जाकीट घातलेला वेंडेल रस्त्याच्या मधोमध दोन्ही हात पसरून उभा होता. त्याच्या पाठीमागून मुलं एकेक करून पलीकडे जात होती. शेवटचं मूल बसमध्ये चढेपर्यंत तो तसाच उभा राहिला. मग त्याने हात खाली घेतले आणि गाड्यांना पुढे जायची खूण केली. तिच्या गाडीलाही तशीच.

“ममा, ते आजोबा तुझ्याकडे बघत होते. कोण आहेत गं?”

“पट्टा लावलास ना, टेस?” कॉरिन म्हणाली.