कस्तुराची शीळ

काचेच्या खोलीत रामहरीनं पुन्हा बटण दाबलं. हेडफोनमध्ये बारीक आवाज वाजला, मग त्याहून बारीक, मग नुसता भास व्हावा इतका. त्यानं एकही सोडला नाही.

बाहेर बाकावर त्याची बायको रतनबाई पिशवी मांडीवर घेऊन बसली होती. भंडारदऱ्याकडच्या डोंगरातून पहाटेची एसटी धरून दोघं नगरला आली होती, कानाचं मशीन घ्यायला.

रामहरी शहरातल्या पाहुण्यांना जंगलातले पक्षी दाखवायचा. त्याचं नाव झालं होतं ते एकाच पक्ष्यामुळे. ओढ्याच्या कपारीत राहणारा शीळकरी कस्तूर. काळानिळा, लाजाळू, दिसला तर नशीब. पण पहाटे शीळ घालायचा ती एखाद्या गुराख्यानं अर्धवट आठवणारं गाणं वाजवावं तशी. दोन पावसाळे झाले, रामहरीला ती ऐकू येत नव्हती. ओढ्याच्या वरच्या अंगाला पर्यटकांचे तंबू पडले होते, रात्रभर दिवे आणि गाणी असायची, ओढ्याचं पाणी पाइपानं तंबूंकडे वळवलं होतं. तरी त्यानं दोष दिला तो आपल्या साठीला. बहिरा वाटाड्या कोण घेणार? म्हणून ठरल्या जागी तो बोट वर करायचा, शीळ आली म्हणून सांगायचा. पाहुणे डोळे मिटून माना डोलवायचे, वहीत कस्तुराचं नाव लिहायचे. चहा घेऊन आलेली रतनबाईही होला हो करायची. सगळ्या जगाला ऐकू येतं आणि आपल्यालाच नाही, या विचारानं त्याला रडू यायचं. मशीन लावायचं आणि एकदा ती शीळ ऐकायची, एवढंच त्याला हवं होतं.

तपासणारी मुलगी, संस्कृती, कागद घेऊन हसतच बाहेर आली. कान चाळिशीतल्या माणसासारखे आहेत, मशीन कशाला हवंय, असं म्हणाली. रतनबाईचा जीव भांड्यात पडला.

"परत एकदा बघता का, ताई?" रामहरी म्हणाला. "कुटंतरी चूक आसंल."

तिनं परत तपासलं. चूक नव्हती.

स्टँडवर आल्यावर रतनबाई पेढे घ्यायचं म्हणत होती. त्यानं तिला थांबवलं.

"तुला ऐकू येती का गं कस्तुराची शीळ? खरं सांग."

तिनं पिशवीचा बंद बोटाला गुंडाळला, सोडला, पुन्हा गुंडाळला.

"मला वाटलं, माजेच कान गेले. तुमी आली म्हनायचे, मंग मी बी व्हय म्हनायचे."

रामहरी बाकावर बसला. कंडक्टरची घंटी, पलीकडच्या टपरीवर कप विसळल्याचा आवाज, सगळं त्याला लख्ख ऐकू येत होतं. यापेक्षा बहिरेपण परवडलं असतं, असं त्याला वाटलं.

तेवढ्यात मोबाईल वाजला. पुण्याचे भागवत सर होते. रविवारी दहा जणांना घेऊन येतोय, कस्तूर नक्की ऐकायला मिळेल ना, असं विचारत होते.

"या," रामहरी म्हणाला. "पन ह्या टायमाला मी बोट वर करनार न्हाई. कुनाला ऐकू आलीच, तर तुमीच मला सांगा."