कधी न वाळलेला डस्टर

मित्रांनो, मी एक जुना डस्टर आहे. हिंगणघाटच्या सुताराने दाराच्या उरलेल्या सागवानी फळीतून मला कापलं आणि खाली घोंगडीचा तुकडा ठोकला. नवा होतो तेव्हा माझ्या हातचा फळा कसा लखलखायचा! सगळी शाळा कौतुक करायची.

मग मी सदाशिवराव मास्तरांच्या हाती पडलो. ते इंग्रजी शिकवत. ‘पुट’ एकच, पण शेपूट बदललं की अर्थ बदलतो, असं म्हणून फळाभर लिहीत. पुट ऑन म्हणजे अंगात घालणे, पुट ऑफ म्हणजे पुढे ढकलणे. उत्तर चुकलं की गालावर पाच बोटं उठायची. हरिदासच्या गालावर मात्र कधीच उठली नाहीत. मास्तरांना त्याचा विटाळ होई, म्हणून ते मला फेकून मारत. तो मला उचलून जमिनीवर ठेवी. मास्तर माझ्यावर पाणी शिंपडत आणि मगच हातात घेत. त्यामुळे मी कधी वाळलोच नाही. ओला डस्टर फळा पुसतो थोडाच? नुसता माखतो. आणि बोल मात्र मला!

छप्पन्न साली हरिदास आपल्या आईसोबत नागपूरला जाऊन बौद्ध होऊन आला. तेव्हापासून मास्तरांचा नेम थेट कपाळाचाच असे. “क्रियापदं आली नाई तर मॅट्रिकले बसू देणार नाई,” त्यांनी बजावलं. हरिदासला तर मॅट्रिकचाच ध्यास. दाराजवळ बसणाऱ्या बबनला तो सांगायचा, “माय चूल विझवते ना, ते पुट आउट. ध्यानात ठेवजो.”

आमच्या वर्गात एक रिवाज होता. ज्याला उत्तर येईल त्याने चुकलेल्यांचे कान पिळायचे. हरिदासला तो हक्क कधी मिळाला नव्हता.

एके दिवशी मास्तरांनी ‘पुट अप विथ’ विचारलं. सगळ्यांच्या माना खाली.

“सहन करणे, गुरुजी,” हरिदास म्हणाला.

“बस खाली.”

तो बसला नाही. “गुरुजी, रिवाजानं आता मी कान पिळतो.”

“शिवशील कोणाले, तर मॅट्रिक विसर.”

हरिदासने पाऊल टाकलं आणि मी सुटलो. माझ्या कोपऱ्याने त्याची भुवई फाडली. पाणी मी पुष्कळ प्यालो होतो, रक्त पहिल्यांदाच प्यालो. मला जीव नकोसा झाला.

त्याने मला उचललं, पण जमिनीवर ठेवलं नाही. मास्तरांपुढे धरलं. “घ्या. हातात घ्या.”

मास्तरांचा हात काही पुढे आला नाही. तेवढ्यात बबन उठून आला आणि मान वाकवून उभा राहिला.

“हरिदास, माहा कान पिळ. मले आलं नाई.”

हरिदासने तो रक्ताळल्या बोटांनी असा पिळला की बबनच्या डोळ्यांत पाणी आलं. मग दुसरा उठला, मग तिसरा. हेडमास्तर धावत आले तेव्हा साऱ्या वर्गाचे कान लाल होते.

हेडमास्तरांनीच हरिदासला मॅट्रिकला बसवलं. तो पास झाला. भुवईवरची खूण तेवढी राहिली.

आता मी अडगळीत पडलो आहे, अगदी कोरडा. मित्रांनो, डस्टर फेकू नका, फार लागतो. फळा पुसून झाला की शेजारच्याच्या हातात द्या. हाताला हात लागू द्या.