दोरीवरचे रुमाल

ही २०१८ सालची गोष्ट. संक्रांत झाली आणि नीरजाबाईंनी आपली एक किडनी यजमानांना, दीनानाथांना दिली. बिबवेवाडीच्या फ्लॅटवर दोघं परतली ती मात्र शेजाऱ्यांसारखी. जंतुसंसर्ग नको म्हणून डॉक्टरांनी दीनानाथांना वेगळी खोली, वेगळं न्हाणीघर सांगितलेलं. नीरजाबाईंनी मास्क लावून ताट दाराबाहेरच्या स्टुलावर ठेवायचं आणि मागं सरायचं. कॅनडाहून लेक ऋचा फोन करी. "बाबा बरे ना?" "हो." तेवढंच काय ते दिवसभराचं बोलणं.

दीनानाथांनी जन्मात स्वतःचा पेला विसळला नव्हता. एक दिवस त्यांच्या खिडकीतल्या दोरीवर धुतलेले रुमाल दिसले.

"अहो, आज सूर्य कुठून उगवला?"

"रिकामा बसून करू काय? तुझ्या पोटाला टाके आहेत."

"ही अक्कल इतकी वर्षं कुठं ठेवली होती?"

ते दाराआड हसले आणि खोकत राहिले. नीरजाबाईंनी कौतुकानं समोरच्या कमरजहांभाभींना सांगितलं. भाभी म्हणाल्या, "मग आमच्या ह्यांनाही एक किडनी देऊन टाकते. कपडे तरी धुतील!"

रोज रुमाल वाढत गेले. ताट अर्धं परत येऊ लागलं. मग एका दुपारी वाऱ्यानं एक रुमाल स्वयंपाकघराच्या खिडकीशी येऊन अडकला. त्याच्यावर तपकिरी डाग होता, कडेनं पसरलेला. नीरजाबाईंनी तो बोटानं चोळला, निघेना. रक्ताचा होता. रक्ताचा कपडा गार पाण्यात धुवायचा, गरम पाण्यानं डाग पक्का होतो, हे बाईला न्हाण येतानाच कळतं. दीनानाथांना कोण सांगणार? ते गीझरचं पाणी वापरत होते.

मास्क न लावताच त्या आत शिरल्या. दीनानाथ उशीला टेकून धापा टाकत होते.

"कधीपासून?"

"परत दवाखाना नको गं. तू दिलेलं वाया गेलं, असं वाटलं असतं तुला."

दवाखान्यात सांगितलं, फुप्फुसात रक्तस्राव होतोय. नवी किडनी टिकावी म्हणून दिलेल्या औषधांनी प्रतिकारशक्ती दबलेली, त्यात जंतुसंसर्ग झाला. "थोडं आधी आणायला हवं होतं," डॉक्टर म्हणाले. दीनानाथ व्हेंटिलेटरवरून परत आले नाहीत. किडनी मात्र शेवटपर्यंत उत्तम चालली होती.

ऋचा आली, आईला चल म्हणाली, आणि एकटीच परत गेली. आता दर रविवारी तिचा फोन येतो. कमरजहांभाभी मुलाकडे, फैझलकडे, हडपसरला राहायला गेल्या; ईदला शीरखुर्म्याचा डबा तेवढा येतो. नीरजाबाई एका किडनीवर ठणठणीत आहेत. दोरीवर एकटीचे कपडे वाळत घालताना अजूनही त्यांच्या तोंडून निघून जातं, "अहो, गार पाण्यात भिजवायचे होते." मग त्या चिमटे लावतात आणि खिडकी ओढून घेतात.