अवयवनिहाय साठा

कोपऱ्यावरच्या औषधाच्या दुकानातल्या फार्मासिस्ट बाईंना गल्लीत सगळे प्रश्नपत्रिका म्हणत. खोकल्याचं औषध मागितलं तरी खोकला कोरडा की कफाचा, किती दिवसांचा, बीपीची गोळी चालू आहे का, एवढं सोडवावं लागे. सोडवूनही कधीकधी हातात बाटली न पडता 'कोमट मिठाच्या पाण्याने गुळण्या करा' एवढंच पडे. गुळण्या फुकट असतात, त्यामुळे लोकांचा त्यांच्यावर विश्वास बसत नसे.

समोरच्या इमारतीतले स्टोअरकीपर काका त्यांचे जुने गिऱ्हाईक. एका कारखान्याचं भांडार सांभाळून निवृत्त झालेले. निवृत्तीनंतर माणसाला देव आठवतो. काकांना कपाटं आठवत. त्या दिवशी सकाळी ते पित्ताच्या औषधाची बाटली मागायला आले. महिन्यातली चौथी.

"कोणासाठी?" बाईंनी विचारलं.

"पोटासाठी."

"कोणाच्या?"

"माझ्याच. दुसऱ्याचं पोट मी कशाला वागवू?"

"आणखी कुठलं औषध चालू आहे?"

"पोटाला? काही नाही."

उत्तर खरं होतं, हीच त्यातली अडचण होती. काकांनी काउंटरची कड घट्ट धरली होती आणि त्यांचा चेहरा धुवून वाळत घातल्यासारखा फिका दिसत होता.

"आणि पोट सोडून बाकीच्यांना?"

"त्यांचं खातं वेगळं आहे, ताई, दुकानंही वेगळी. इथे कशाला काढता?"

"बाटली मिळणार नाही. घरात असतील तेवढी औषधं घेऊन या. सगळी."

दुसरा कोणी भांडला असता. काकांना वाटलं तपासणी आली, आणि तपासणीला ते कधी भ्यालेले नव्हते. पाव तासात ते काकूंना घेऊन हजर झाले. पिशवी काकूंच्या हातात, धाप काकांना.

पिशवीतून चार स्टीलचे डबे निघाले. प्रत्येकावर सुवाच्य चिठ्ठी: गुडघा, कंबर, खांदा, किरकोळ. पाकिटं जागा खातात म्हणून गोळ्या सोलून आत ओतलेल्या. बाईंनी पहिले तीन डबे उघडले. पांढऱ्या, पांढऱ्या आणि पांढऱ्या.

"कुठली कशाची, कळतं कसं?"

"डब्यावर लिहिलंय की."

"रोज किती घेता?"

"गुडघ्याला दोन, कंबरेला दोन, खांद्याला दोन. एकाच्या डब्यातलं दुसऱ्याला देत नाही. शिस्त म्हणजे शिस्त."

"परवा गुडघ्याचा डबा संपला," काकू म्हणाल्या, "तर दुपारपर्यंत कण्हत बसले, पण कंबरेच्या डब्याला हात लावला नाही."

"अगं, कंबरेची मागणी वेगळी असते."

"रिकामी पाकिटं फेकलीत का?"

काका दुखावले. भंगार जमा केल्याशिवाय नवा माल काढायचा नाही, हे या बाईला कोणी शिकवलंच नव्हतं. त्यांनी पिशवीच्या तळातून रबर लावलेला गठ्ठा काढला. बाईंनी तीन डब्यांची तीन पाकिटं ओळीने मांडली.

"वरचं मोठं नाव सोडा. खालचं बारीक वाचा."

काकांनी चष्मा कपाळावरून नाकावर आणला. पहिलं मोठ्याने वाचलं. दुसरं हळू वाचलं. तिसरं वाचलंच नाही.

"हे तर..."

"तेच आहे, काका. एकच वेदनाशामक. कंपन्या तीन. दोनच्या जागी सहा गोळ्या जातायत रोज."

काकांचा चेहरा पडला. गोळ्या जास्त गेल्या याचं त्यांना फारसं काही वाटलं नाही. पण एकच वस्तू तीन नावांनी तीन ठिकाणी ठेवायची? याच अपराधासाठी त्यांनी एका सहकाऱ्याची बदली करवली होती, आणि निरोप समारंभाला गेलेही नव्हते.

"गोळी गुडघ्यासाठी घ्या नाहीतर खांद्यासाठी," बाई म्हणाल्या, "पोटाच्या अस्तरावर तिचा मारा होतोच. आता नीट सांगा. शौचाला काळं होतं का?"

काका वजनकाट्याकडे पाहू लागले. मागे टूथपेस्ट घ्यायला आलेला गृहस्थ माणुसकीने टूथपेस्टचा खोका वाचू लागला. कान मात्र त्याने तिथेच ठेवले.

"अहो, ताई विचारतायत."

"चार दिवस," काका म्हणाले. "डांबरासारखं."

"आणि मला सांगितलं नाहीत?"

"त्यात सांगण्यासारखं काय होतं?"

"भाजीत मीठ कमी पडलं तर तीन मजल्यांना ऐकवता."

"लोहाची गोळी चालू आहे? तिनेही काळं होतं," बाईंनी मध्येच विचारलं.

"नाही."

"चक्कर?"

"जिना चढताना येते. पायऱ्याच उंच आहेत."

"काका, पोटात रक्तस्राव होत असणार. इथून थेट इस्पितळात जायचं. आत्ता."

"ही बाटली घेऊन दोन दिवस बघतो."

"बाटलीने जळजळ झाकली जाईल. रक्त थांबणार नाही. आणखी दोन दिवसांनी काय बघायला मिळेल ते मी काकूंसमोर सांगत नाही."

हे काकूंसमोरच सांगितल्यामुळे काकू खुर्चीवर बसल्या. काका मात्र उभेच.

"तोंडी आदेशावर मी कधी काम केलेलं नाही," ते म्हणाले.

बाईंनी टूथपेस्टवाल्याला गाडी आणायला पिटाळलं आणि कागद ओढला. कुठलं औषध, रोज किती, किती दिवस, काळं शौच, चक्कर. खाली सही, शिक्का. काकांनी तो दोनदा वाचला. आदेश निर्दोष होता. आता जाणं भाग होतं.

"डबे इथेच राहू देत," बाई म्हणाल्या.

"मग पावती द्या."

गाडी येईपर्यंत बाईंनी तिन्ही डब्यांतल्या गोळ्या ताटलीत ओतून पाच-पाच करत सरकवल्या. "एकशे छत्तीस."

"सदतीस," काका म्हणाले, आणि आपण काय बोलून बसलो ते त्यांच्या लक्षात आलं. बायकोशी, डॉक्टरशी, देवाशी ते खोटं बोलू शकले असते. साठ्याचा आकडा चुकीचा सांगणं त्यांच्या जिभेला जमलं नाही.

बाईंनी पुन्हा मोजल्या. छत्तीसच.

"खिशातली काढा," काकू शांतपणे म्हणाल्या.

काकांनी शर्टाच्या खिशातून एक पांढरी गोळी काढून ताटलीत ठेवली. "वाटेत गुडघ्याला लागली असती."

"गुडघ्याचं डॉक्टर बघतील," बाई म्हणाल्या, आणि पावतीवर एकशे सदतीस लिहिलं.

गाडी आली. काका पावती आणि चिठ्ठी वेगवेगळ्या खिशांत ठेवून, काकूंच्या खांद्याचा आधार घेत आत बसले. दार लागता लागता ते काकूंना विचारत होते की इस्पितळात आपल्याला नक्की कुठल्या विभागात जमा करणार.