काजळ्याच्या कानातला बिल्ला

मित्रांनो, माझी ओळख नंतर करून देतो. आधी गुरांच्या कानात बिल्ले मारत हिंडणाऱ्या सत्यमचा फायदा सांगतो. पोळ्याच्या दिवशी गावातलं एकही जनावर रानात नसतं. सगळी न्हाऊन, शिंगं रंगवून दारात उभी असतात. एरवी ज्या साठ कानांसाठी सत्यमला आठ दिवस बांधाबांधानं हिंडावं लागलं असतं, ते एका दुपारीत मिळणार होते. वर दर दाराला पुरणपोळी. हिशेब चोख होता. त्यात एवढंच धरायचं राहिलं, की नटवलेले बैल ओळखायचे कसे.

मी त्याच्या पिशवीतला एक पिवळा बिल्ला. गाई-बैलांच्या कानात हल्ली दिसतो, तोच. माझ्या अंगावर बारा आकडे आहेत आणि त्यांतले शेवटचे चार ४१७६. कारखान्यातून माझ्यामागोमाग निघालेला माझा भाऊ ४१७७. आम्हाला आमच्या कामाचा मोठा अभिमान होता. लस, औषध, बाजार, गाडीतून ने-आण, सगळं आमच्या आकड्यांवर चालणार होतं. बिल्ला नसेल तर जनावर असून नसल्यासारखं.

दिंद्रुडच्या अलीकडे एका गावात उत्तरेश्वर आणि विमलबाई राहतात. दोन तांबडे कंधारी बैल, ही त्यांची खरी मिळकत. टिक्याच्या कपाळावर पांढरा ठिपका. काजळ्याच्या डोळ्यांभोवती काळी कड. दिवाळी झाली की ही चौघं साखर कारखान्यावर ऊस तोडायला आणि बैलगाडीनं वाहायला जायची. जोडीतला एक बैल अडला तर गाडी अडते, आणि गाडी अडली की हंगाम जातो.

त्या दिवशी टिक्याचा ठिपका बाशिंगाखाली होता आणि काजळ्याच्या डोळ्यांवर गोंडे लोंबत होते. सत्यमनं विचारलं, टिक्या कोणता? उत्तरेश्वर मागं झुलीची गाठ मारत होता. मान वर न करता म्हणाला, "उजवा." गाडीवानाचं आयुष्य बैलांच्या पाठीमागं बसून जातं. त्याचा उजवा म्हणजे मागून बघितलेला उजवा. दुसरा त्याला ठाऊकच नाही. सत्यम उभा होता बैलांच्या तोंडापुढं. त्यानं आपल्या उजव्या हाताकडच्या बैलाचा कान धरला, पक्कड दाबली आणि वहीत लिहिलं: टिक्या, ४१७६.

तो काजळ्या होता. टिक्याच्या कानात गेला माझा भाऊ ४१७७.

पहिले महिने सुखाचे गेले. विमलबाई बैल धुताना मलाही घासायची. हंगामात शेजारची गाडीवाली माणसं म्हणायची, तुझ्या बैलाला पिवळं फूल शोभतंय. मी खूश. वहीत मी दुसऱ्याच्या नावावर आहे, हे ना मला ठाऊक होतं, ना काजळ्याला.

वैशाखात वीज पडली आणि चिंचेखाली बांधलेला टिक्या जागेवर गेला. पंचनामा झाला, फोटो काढले. बिल्ल्यांच्या नोंदी ठेवणाऱ्या कार्यालयातल्या कारकुनानं वहीत टिक्याचं नाव शोधलं, समोर ४१७६ दिसले, त्यानं ते मयत म्हणून चढवले. भरपाईही वेळेवर मिळाली. मेलेल्या बैलाच्या कानात कोणता आकडा आहे, हे कुणी पाहिलं नाही. कागद जुळत असले की कानाकडे कोण बघतो?

पावसाच्या तोंडावर लस टोचायला डॉक्टर आले. माझे आकडे त्यांनी मोबाइलमध्ये घातले, पुसून पुन्हा घातले. मग म्हणाले, "काका, हा मयत दाखवतोय. याला लस देता यायची नाही."

"सायेब, मेलेला बैल कडबा खातो व्हय?" उत्तरेश्वर म्हणाला. काजळ्या खातच होता.

तिथून चकरा सुरू झाल्या. बंद झालेला नंबर पुन्हा उघडायचा नाही, असा नियम होता. नवा बिल्ला मागितला, तर कानात एक असताना दुसरा मारायचा नाही, असा नियम. जुना काढून टाकला तर तो गुन्हा. बाजारातला व्यापारी मुंजाजी यानं फुकटचा सल्ला दिला, "कान काप की बे, नवा बिल्ला ठोक, नवा बैल झाला." पण नवा बैल आणला कुठून, याची पावती कुठून आणायची? स्वतःच्याच बैलाचा चोर ठरायची पाळी.

शेवटी कारकुनानं गुपचूप एक वाट सुचवली. वीज पडून बैल मेलाच नाही, असं लिहून द्या, भरपाई परत भरा. नोंदच खोडतो, म्हणजे नंबर चालू. दसरा जवळ आलेला. बैलांचा ट्रक तपासल्याशिवाय सुटत नाही, आणि काजळ्याशिवाय उत्तरेश्वरची गाडी निघत नाही. तो घरी येऊन म्हणाला, देऊ लिहून, एका सहीनं काय होतंय.

विमलबाई शेण भरत होती. ती उठली नाही, आवाजही चढवला नाही. "टिक्या मेलाच न्हाई म्हणून लिहून देऊ? माज्या हातानं माती लोटली त्याच्यावर. सही तुमी करा, पण मग मला त्या चिंचेखालून जायला लावू नका."

सही झाली नाही. दुसऱ्या दिवशी उत्तरेश्वर चौसाळ्याला गेला. तिथली रोहिणी ही विमलबाईच्या बहिणीची लेक, वरच्या कोर्टात वकिली करणारी. तिनं नियमालाच आव्हान दिलं: जिवंत जनावराला मयत लिहिलं तर मालकाचं ऐकून घ्यायची वाटच या नियमात नाही, म्हणून तो बदला.

कोर्टात मी गेलो नाही. उत्तरेश्वर परत येऊन गव्हाणीजवळ जे सांगायचा, ते कानातच असल्यामुळं मी नीट ऐकलं. रोहिणीनं कार्यालयाच्याच फायलीतला पंचनाम्याचा फोटो मोठा करून दाखवला. टिक्याच्या कानात स्वच्छ दिसत होतं: ४१७७. पाच महिने पुरावा त्यांच्याच कपाटात होता. सत्यमनंही येऊन लिहून दिलं, की मी पुढून बघितलं, काकांनी मागून सांगितलं, बैल ओळखायला मी चुकलो. दोन लेकरांचा बाप तो. गप्प बसला असता तरी त्याला कुणी विचारणार नव्हतं.

सरकारी वकील म्हणाले, बंद नंबर उघडायची सोय यंत्रणेत नाही.

न्यायाधीशांनी विचारलं, "बंद करायची आहे ना?"

आहे, म्हणाले.

"मग उघडायचीही करा. बैल तुमच्या यंत्रणेची वाट बघत उपाशी राहणार नाही."

निकाल दिवाळीच्या आधी चार दिवस आला. मालकाचं म्हणणं ऐकल्याशिवाय नंबर बंद करायचा नाही, आणि जिवंत जनावराचा बंद झाला असेल तर आठ दिवसांत उघडायचा. डॉक्टर स्वतः गोठ्यात आले. त्यांनी माझ्यावरची धूळ अंगठ्यानं पुसली, आकडे घातले, थांबले. मोबाइलवर आलं: काजळ्या, जिवंत. उत्तरेश्वर मटकन गव्हाणीच्या काठावर बसला आणि उगाच हसत राहिला. विमलबाईनं डॉक्टरांना चहा दिला, काजळ्याला गुळाचा खडा. मला काही दिलं नाही, पण मी हलका झालो होतो. मेलेल्याचं नाव घेऊन जिवंत कानात लोंबणं फार जड जातं, मित्रांनो.

भरपाईतून घेतलेला नवा जोडीदार सोबत घेऊन काजळ्या ट्रकमध्ये चढला. तपासणीवाल्यानं माझ्याकडे बघितलं, मान हलवली, ट्रक सुटला.

आता मी जुना झालोय, रंग उडालाय. माझं एकच मागणं आहे. आमच्यावरचे आकडे वहीत उतरवायच्या आधी जनावराला एकदा पुढून बघा, एकदा मागून बघा, आणि मालकाला त्याच्या अंगावर हात ठेवायला सांगा. एवढ्यानं वेळ जातो तो दोन मिनिटांचा.

राहिला हिशेब. उत्तरेश्वरच्या अकरा चकरा गेल्या, हंगाम वाचला. रोहिणीनं मावशीकडून फी घेतली नाही. कारकुनाची बदली झाली, ती त्याच्या घराजवळच. आणि बिल्ले मारायचं काम सत्यमकडून काढून घेतलं. चूक कबूल करणारा तो एकटाच निघाला, म्हणून चुकीच्या रकान्यात नावही त्याचं एकट्याचंच पडलं.